पाणी माझा विषय नाही, म्हणून गप्प बसले

एका तरुण मुलीने मला लिहून विचारलं आहे. तिचा प्रश्न थोडक्यात असा:

“मी वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. दोन वर्षांपासून पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्ष सल्लागारांच्या हाताखाली काम करते. मागच्या महिन्यात एका बागेत पानांच्या कडा जळायला लागल्या. सरांनी करपा रोग धरून फवारणी दिली. मला दिसत होतं की जळणारी झाडं प्रत्येक ओळीच्या शेवटी आहेत, ड्रिपच्या टोकाला. पण पाणी माझा विषय नाही, म्हणून गप्प बसले. दोन फवारण्या झाल्या, फरक नाही. आता बोलू का? बोलले आणि चुकले, तर शेतकऱ्याचं वर्ष जाईल. सर म्हणतात, ज्याने त्याने आपल्या विषयापुरतं बोलावं.”

बोला. आजच बोला. मात्र कसं बोलायचं, कुठपर्यंत जायचं आणि चुकलात तर पुढे काय करायचं, हे एका ओळीत सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी तीस वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या बागा फिरतो आहे. सुरुवात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे माझा ‘विषय’ विचाराल तर खतं आणि अन्नद्रव्यं. त्या एका विषयाने मला पोट दिलं आणि त्याच विषयाने माझ्या हातून एक बाग अर्धी घालवली. ते पुढे सांगतो.

आधी तुमच्या सरांची बाजू, कारण ती खोटी नाही. मी या कामात आलो तेव्हा निफाड-दिंडोरीकडे बहुतेक सल्ला औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर मिळायचा. पान दाखवलं की बाटली हातात. पोटॅश कमी पडलं तरी बाटली, भुरीचा रोग आला तरी बाटली. त्या गोंधळातून बाहेर यायला एकेका विषयात मुरलेली माणसंच लागली. केवडा रोगाचे बीजाणू ओल्या पानावर कधी रुजतात हे सांगणारा वेगळा, पानदेठातलं पोटॅश मोजणारा वेगळा, आणि एक किलो द्राक्षात मिलिग्रामचा विसावा भाग औषध उरलंय का हे पाहणारा आणखी वेगळा. या माणसांशिवाय नाशिकचं द्राक्ष युरोपात गेलंच नसतं. स्वतःचा विषय पक्का करू नका, असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही.

अडचण विषय पक्का असण्याची नाही. दोन विषयांच्या मधला बांध कोणाचाच नसतो, आणि वेलीचं दुखणं नेमकं तिथे जाऊन बसतं. 2010 सालचं उदाहरण घ्या, तुम्ही तेव्हा शाळेत असाल. त्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं आणि युरोपात कंटेनर अडकले. आपल्याकडे त्याला सगळे सीसीसी म्हणतात. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्राम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. हे काही चोरून वापरलेलं औषध नव्हतं. वेलीची शेंडेवाढ रोखून डोळ्यात घड धरावा म्हणून ते वर्षानुवर्षं उघडपणे मारलं जात होतं, वेळापत्रकांत छापलेलं होतं. मी स्वतः ते माझ्या हाताने लिहून दिलेलं आहे. पण निर्यातीआधी ज्या औषधांची तपासणी होत होती, त्यांच्या यादीत ते नव्हतं. मी वाढीचं बघत होतो, रोगवाला रोगाचं, तपासणारा आपल्या यादीचं. ज्याने त्याने आपलं काम चोख केलं होतं. “आपण जे मारतो ते सगळं या यादीत आहे का?” एवढा साधा प्रश्न विचारायला कुठल्याच विषयातली पदवी लागत नव्हती, आणि तो कोणाच्याच विषयात बसत नव्हता. मी दोन्ही कागद पाहिलेले होते. एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून कधी वाचले नाहीत. त्या वर्षी ज्यांचा माल अडकला त्यांच्यात माझे शेतकरी होते, आणि ही गोष्ट मला आजही सलते.

आता त्या अर्ध्या गेलेल्या बागेचं. दिंडोरी तालुक्यातली काळ्या जमिनीची बाग, खाली चुनखडी. ऑक्टोबर छाटणीनंतर दीड महिन्याने शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. पुस्तकात जसं चित्र असतं तसंच. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह कमी पडलं तर नवी पानं. मी बांधावरूनच सांगितलं, लोह. देठ परीक्षण करून घेतलं, त्यातही लोह कमी आलं. फेरस सल्फेटची फवारणी, ड्रिपमधून चिलेटेड, म्हणजे वेलीला सहज उचलता येणारं लोह. आठवड्यात पानं हिरवी झाली आणि मी खूश. पुढच्या आठवड्यात पुन्हा पिवळी. मी मात्रा वाढवली.

पहिल्याच फेरीत त्या शेतकऱ्याची आई बांधावर उभी होती. ती म्हणाली होती, “भाऊ, ह्या वरच्या ओळींत चप्पल रुतती, खालच्यांत नाही.” मी ऐकलं आणि वहीत लिहिलं नाही, कारण चप्पल हा माझ्या लेखी पानाचा प्रश्न नव्हता. तिसऱ्या फवारणीनंतर शेतकऱ्यानेच कंटाळून फावडं घेतलं आणि वेलीच्या बुडाशी खड्डा खणला. पांढरी, जिवंत मुळी नावालाही नव्हती. होती ती तपकिरी, बोटांत धरली की साल सुटणारी, आणि मातीला कुबट वास. वरच्या अंगाला शेजाऱ्याने त्याच उन्हाळ्यात शेततळं केलं होतं. त्याचा प्लास्टिकचा कागद कुठेतरी फाटला होता आणि पाणी आतल्या आत झिरपून याच्या पाच-सहा ओळींखाली मुरत होतं. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की मातीतल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढतं, मुळीला हवा मिळत नाही, आणि जमिनीत लोह असूनही वेलीला ते उचलता येत नाही. म्हणजे माझं निदान चुकलेलं नव्हतं. लोह खरोखरच कमी होतं. चुकला होता प्रश्न. मी विचारत होतो, वेलीत काय कमी आहे. विचारायला हवं होतं, वेलीला ते मिळत का नाही. दुसरा प्रश्न पाण्याच्या, जमिनीच्या, शेजाऱ्याच्या बांधापर्यंत नेणारा होता, आणि मी माझ्या विषयाच्या दारातच थांबलो होतो.

वरच्या अंगाला चर खोदला, पाणी तोडलं, मुळी हळूहळू चालायला लागली. पण त्या ओळींतल्या मण्यांना त्या वर्षी फुगवण आलीच नाही. मी जाऊन सांगितलं की ही माझी चूक. शेतकरी चिडला नाही, त्याने समजूतही घातली नाही. म्हणाला, “सर, लोहाचे पैसे गेले ते गेले. पुढच्या वेळी आधी खड्डा खणा.” तेव्हापासून माझ्या गाडीत फावडं असतं.

रोग ओळ मोजून येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं. हे रोगशास्त्रच आहे. पाण्याबद्दल तुम्हाला काही माहीत नसेलही, पण हा रोग नव्हे एवढं म्हणायचा अधिकार तुमच्याइतका त्या बागेत कोणालाच नव्हता. जिथे तुमचा विषय संपतो ती जागा तुम्हालाच सगळ्यांत आधी दिसते. तिथे गप्प बसणं म्हणजे स्वतःच्याच विषयातलं अर्धं उत्तर गिळून टाकणं.

धीट विचार म्हणजे दुसऱ्याच्या शेतात घुसून पंडिती करणं, असा समज आहे. आपल्या द्राक्षाचा इतिहास वेगळं सांगतो. तुम्ही रोज जी जीएची डिपिंग, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवणं, लिहून देता, ती आली कुठून? भातातून. आपल्या इगतपुरी-पेठकडे लावतात त्या भातातून. जपानमध्ये भाताचा एक रोग होता, रोपं उंचच उंच, पिवळट वाढायची आणि कोलमडायची. त्याला तिथले शेतकरी ‘बाकानाए’ म्हणायचे, म्हणजे वेडं रोप. कुरोसावा नावाच्या संशोधकाने 1926 मध्ये दाखवलं की बुरशी प्रत्यक्ष नसली तरी तिने द्रवात सोडलेला पदार्थ एवढा रोप वाढवायला पुरतो. 1935 मध्ये याबुता यांनी त्याला जिबरेलिन हे नाव दिलं. पुढे 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात तो पदार्थ थॉमसन सीडलेस द्राक्षावर वापरून पाहिला गेला. बी नसलेला मणी मुळात लहान राहतो, कारण वाढीचं संजीवक बहुतांशी बीच पुरवतं. तेच बाहेरून दिलं आणि मणी फुगला. थॉमसनच्या घडाला पेटीत बसण्याजोगा आकार येतो तो भाताच्या एका रोगामुळे. कुरोसावाने द्राक्षाचा विचार केला नव्हता. पण पुढे कोणीतरी “भाताचं आपल्याला काय?” असं न म्हणता ते वाचलं.

केवड्यावर मारतात त्या बोर्डो मिश्रणाचंही तसंच. 1882 मध्ये फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एका बागेजवळून चालले होते. अमेरिकेतून आलेल्या केवड्याने त्या काळात तिथल्या बागांची पानगळ चालवली होती. पण रस्त्याकडेच्या ओळींवर पानं शाबूत होती. चौकशी केल्यावर कळलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड तोडू नयेत, विषारी दिसावेत, म्हणून बागवाल्यांनी त्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. चोरांसाठी केलेला उपाय! त्या रस्त्याने शेकडो माणसं गेली असतील. मिलार्देंनी कडेच्या ओळी आतल्या ओळींपेक्षा वेगळ्या का, एवढं विचारलं. आणि लगेच जाहीर करून टाकलं नाही. गेयों या रसायनशास्त्रज्ञाला बरोबर घेतलं, प्रमाण बदलून बदलून प्रयोग केले, आणि 1885 मध्ये छापलं. तुमच्या बागेत ओळीच्या शेवटची झाडं वेगळी होती. मला तर दोन्ही गोष्टींत फारसा फरक दिसत नाही.

आता तुमची खरी भीती. चुकले तर शेतकऱ्याचं वर्ष जाईल. ही भीती योग्य आहे, आणि मी उलट्या बाजूनेही चुकलेलो आहे म्हणून सांगतो. 2019 मध्ये निफाडकडच्या एका शेतकऱ्याला मी म्हणालो, यंदा आगाप छाटणी घ्या, लवकर माल येईल, भाव मिळेल. हवामान माझा विषय नव्हता, बाजारही नव्हता, पण आधीच्या काही हंगामांचा अनुभव गाठीशी होता आणि विचार मोठा वाटत होता. तो म्हणाला, अर्धी बाग छाटतो. मी म्हणालो, अर्धी कशाला, चारही एकर एका आठवड्यात घ्या. सप्टेंबरात छाटणी झाली. बाग फुलोऱ्यात आली आणि ऑक्टोबर संपता संपता पाऊस परत आला, तो नोव्हेंबरपर्यंत हटला नाही. गळ, कूज, वर केवडा. चार एकरांत जे झालं ते दोन एकरांत झालं असतं तर तो माणूस सावरला असता.

मी यावर खूप विचार केला. माझी चूक हवामानावर बोलण्यात नव्हती. चूक ही की मी चुकू शकतो यासाठी मी जागाच ठेवली नाही, आणि त्याने स्वतः ठेवलेली जागाही काढून घेतली.

म्हणून हल्ली कुठलाही सल्ला देताना मी स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो हा: हे मागे घेता येतं का? छाटणी मागे घेता येत नाही. डोळे फुटण्यासाठी लावलेलं पेस्ट मागे घेता येत नाही, जीएची मात्रा चुकली तर तो घड तसाच राहतो. याउलट पाणी चार दिवस कमी-जास्त करता येतं, खड्डा बुजवता येतो, दोन ओळी फवारणीविना सोडून पाहता येतात. जे मागे घेता येतं तिथे मोकळेपणाने डोकं चालवा, विषय माझा की दुसऱ्याचा हे बघू नका. जे मागे घेता येत नाही तिथे स्वतःच्या विषयातही हात आखडता ठेवा, आणि दुसऱ्याच्या विषयात तर त्या माणसाला विचारल्याशिवाय शब्द काढू नका. विचार करायला अख्खा जिल्हा घ्या, करून पाहायला दोन ओळी.

आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके याच पद्धतीने चालले होते, असं मला वाटतं. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, माणसाने काय काय केलं होतं. पण 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आधी काय चित्रित केलं, तर वाटाण्याचं रोप उगवताना. आधी वाटाणा, मग चित्रपट.

बोलायचं कसं, हेही सांगतो, कारण तुमच्या सरांचा मान राखायचा आहे आणि ती तुमची नोकरी आहे. शेतकऱ्यासमोर सरांचं निदान खोडू नका. गाडीत बसल्यावर म्हणा, “सर, करपा असता तर मधली झाडंही लागायला हवी होती ना? मला टोकाचीच दिसतात. पाण्याचं मला नीट कळत नाही, पण एकदा तपासून बघू का?” यात तुम्हाला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि काय करून पाहता येईल, तिन्ही आलं. सर नाही म्हणाले, तरी तपासायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढी मागून घ्या. आणि फवारणी थांबवा असं म्हणू नका. दोन ओळी सोडा, एवढंच म्हणा.

माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक बागेचा अंदाज तारखेसह लिहितो, आणि खाली एक ओळ: काय दिसलं तर मी चुकलो असं समजायचं. ही दुसरी ओळ लिहायला जड जाते. जिथे ती सुचत नाही, तिथे माझा अंदाज नसून हट्ट आहे असं मी धरतो. दरवर्षी एप्रिलच्या खरड छाटणीआधी वही काढून बसतो आणि चुकलेल्या जागी लाल खूण करतो. दोन-तीन शेतकऱ्यांना ती वही माहीत आहे. त्यांचा माझ्यावरचा भरवसा त्यामुळे कमी झालेला मी पाहिला नाही.

लासलगावच्या बाजारात कांद्याच्या हिशोबपट्टीच्या तळाशी पूर्वीपासून लिहायची पद्धत आहे: चू. भू. दे. घे. चूकभूल देणे घेणे. अडत्या पैशाचा हिशोब करतो, आकडे त्याच्यासमोर असतात, तरी तो हे लिहितो, आणि म्हणून त्याला कोणी कच्चा समजत नाही. चूक सापडली तर ज्याचं त्याला परत मिळेल, एवढा त्याचा अर्थ. आपण सल्लागार तर पान बघून जमिनीखालचं सांगतो. आपल्या चिठ्ठीवर ती चार अक्षरं का नसावीत? मी गेली काही वर्षं ती लिहितो, आणि त्याखाली फोन करायचा दिवस लिहितो, म्हणजे चूक असेल तर कधी कळेल ते शेतकऱ्यालाही माहीत असतं.

आणखी एक. फक्त पदवीवाल्यांना विचारू नका. पेठ-सुरगाण्याकडून जे मजूर छाटणीला, थिनिंगला म्हणजे मणी विरळ करायला येतात, त्यांचे हात बागेतल्या एकेका वेलीवरून फिरलेले असतात. कुठली काडी कडक लागते, कुठे डोळा पोकळ आहे, त्यांना कळतं, पण त्यांना कोणी विचारत नाही. ड्रिप जोडणाऱ्याला विचारा. ट्रॅक्टरवर फवारणी करणाऱ्याला विचारा, तो कुठे वळतो आणि कुठे नोझल बंद करतो. आणि बांधावर कोणाची आई उभी असेल, तर ती बोलते ते लिहून घ्या.

तुमच्या त्या बागेपुरतं: माझा अंदाज क्षारांचा आहे. टोकाला दाब कमी, पाणी कमी, क्षार धुऊन जात नाहीत आणि पानाच्या कडा जळतात. मी बाग पाहिलेली नाही, त्यामुळे हा नुसता अंदाज आहे. एकाच लॅटरलच्या, म्हणजे ओळीतल्या ड्रिपच्या नळीच्या, पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकसारख्या दोन बाटल्या ठेवा, दहा मिनिटांनी पाणी मोजा. दोन्हीत पाणी सारखंच भरलं तर मी चुकलो, मला तसं कळवा. फरक असेल तर लॅटरलचं टोक उघडून काय बाहेर पडतं ते बघा, बोअरच्या पाण्याचा ईसी काढा, म्हणजे त्यात क्षार किती ते कळेल, आणि दोन्हीकडची माती वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या. शेवटच्या वेलीच्या बुडाशी, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, दीड फुटाचा खड्डा खणा. मुळीचा रंग कसा निघाला ते मला लिहा.